सुट्टी मुलींनाही लागते

एप्रिल संपता संपता वार्षिक परीक्षा उरकतात, महाराष्ट्र दिनाच्या सुमारास निकाल हातात पडतो आणि शाळेच्या फाटकाला कुलूप लागते. दुसऱ्या दिवशी पहाटेच गल्लीतली मुले बॅट आणि टेनिसचा चेंडू घेऊन निघतात. ऊन चढेपर्यंत मैदान त्यांचे, संध्याकाळी पुन्हा त्यांचेच. त्याच घरांतल्या त्यांच्या बहिणींचे काय होते? शाळा त्यांचीही बंद झालेली असते, पण सुट्टी लागलेली नसते. सकाळी पाणी भरायचे, भांडी घासायची, धाकट्या भावाला सांभाळायचे, दुपारी पापड-कुरडयांना हात लावायचा, संध्याकाळी पाहुण्यांचा चहा. शाळा चालू असते तेव्हा निदान पाच-सहा तास ती घराबाहेर असते. मैत्रिणी भेटतात, मधल्या सुट्टीत धावता येते. उन्हाळ्यात तेवढेही जाते. आपल्या बीड जिल्ह्यात दहा ते पंधरा वर्षांच्या मुलीसाठी सुट्टी हा वर्षातला सर्वांत बंदिस्त काळ असतो.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. जिल्ह्याच्या प्रत्येक तालुक्याच्या गावात, आणि जमेल तिथे प्रत्येक मोठ्या खेड्यात, उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलींसाठी उघड्या मैदानावरचे शिबिर भरले पाहिजे. रोज सकाळचे दोन-तीन तास. मुक्काम नाही, फी नाही, गणवेश नाही. चालवणाऱ्या त्याच गावातल्या बाया आणि तरुण मुली, तेही बिनपगारी. मुस्लिम मोहल्ल्यांनी या कामात मागे राहू नये, खरे तर पुढे व्हावे, असे मला वाटते. का, ते सांगते.

सुट्टीत मुलींसाठी काहीच होत नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आमच्याकडे मेहंदीचे क्लास निघतात, शिवणकामाचे निघतात, मदरशात किंवा कुणा आपाच्या घरी दीनियातचे वर्ग भरतात, हल्ली संगणकाचेही भरतात. हे सगळे चांगले आहे. पण यातली समान गोष्ट पाहा. प्रत्येक वर्ग चार भिंतींच्या आत आहे आणि प्रत्येकाचा काही ना काही उपयोग आहे. मुलगी घराबाहेर पडायची तर तिच्या पाऊल टाकण्याला कारण लागते. शिवण शिकेल तर सासरी कामी येईल, मेहंदी शिकेल तर चार पैसे मिळतील. मुलगा मैदानावर जातो तेव्हा त्याला कोणी विचारत नाही की बाबा, याचा उपयोग काय? खेळणे हेच त्याचे कारण असते आणि सगळे ते मान्य करतात. मुलीच्या बाबतीत मात्र बिनकामाचे खेळणे म्हणजे उनाडकी. माझ्या लहानपणी आम्हा मुलींना मोकळे आकाश मिळायचे ते गच्चीवर, तेही कपडे वाळत घालायच्या निमित्ताने. आजच्या मुलीला गच्चीवर मोबाइल मिळाला आहे. मैदान अजून मिळालेले नाही.

मुस्लिम मुलीबद्दल या देशात बोलणे कमी झालेले नाही. २०१९ मध्ये तलाकविषयी कायदा झाला तेव्हा तिच्याबद्दल बोलून झाले. २०२२ मध्ये कर्नाटकात हिजाबचा वाद पेटला तेव्हा टीव्हीवर महिनोन्‌महिने तिचा दुपट्टा मोजला गेला. बाहेरच्यांनी तिच्या कपड्यांवर मत दिले, आतल्यांनीही दिले. ती खेळते कुठे, पळते कधी, तिच्या पायांना माती लागते का, हे ना यांनी विचारले ना त्यांनी. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींना रोज सरासरी साठ मिनिटे तरी अंगाला घाम येईल अशी हालचाल हवी. घरकाम हीसुद्धा हालचालच की, असे कोणी म्हणेल. पण कंबर वाकवून भांडी घासणे आणि फुप्फुसे भरून धावणे यांतला फरक भांडी घासणारीलाच विचारा.

आता बीडचे वेगळेपण. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे उचल घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. यांत मराठा, वंजारी, दलित, बंजारा, धनगर आहेत, तसे मुस्लिमही आहेत. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला ‘शांतिवन’सारखी संस्था अशा मुलांना वर्षभर सांभाळते. कारखान्यांचे पट्टे पडले की मार्च-एप्रिलमध्ये जोड्या परत येतात. हातात थोडा पैसा असतो, नातेवाईक गोळा झालेले असतात, मुलीची शाळा बंद असते आणि पुढच्या हंगामात तिला कुणाकडे ठेवायचे ही काळजी डोक्यावर असते. मग मे महिन्यात लग्ने लागतात. ज्यांच्या घरी कोयता नाही त्यांच्याकडेही लग्नसराई हीच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वर्षे वयाच्या बायकांना लग्नाचे वय विचारले गेले. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झाले होते. राज्याची सरासरी सुमारे २२ टक्के होती. आपण बरोबर दुप्पट आहोत. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे, गावात ग्रामसेवकाकडे तो राबवण्याचा अधिकार आहे, १०९८ हा फोन नंबर आहे. तरी हा आकडा आहे. या रोगाने धर्म पाहिलेला नाही, तेव्हा एकमेकांकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

आणखी एक-दोन आकडे याच जिल्ह्याचे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे बीडमध्ये फक्त ८०७ मुली निघाल्या. राज्यात हे प्रमाण सर्वांत कमी आपल्याकडे होते. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशये काढल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला. सरकारी समितीसाठी जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. जन्माआधी मुलीचे शरीर नकोसे, जन्मल्यावर ते कामाचे, मग लग्नाचे, मग बाळंतपणाचे, शेवटी ऊस तोडायला अडचण नको म्हणून कापून टाकण्याचे. या सगळ्या प्रवासात ते तिचे स्वतःचे कधी होते? पळताना, उडी मारताना, दमून झाडाखाली बसताना माणसाला आपले शरीर आपले वाटते. हा अनुभव मुलीला बारा-तेराव्या वर्षी एकदा तरी मिळाला पाहिजे. पुढे दवाखान्यात कोणी कागदावर अंगठा मागितला, तर ‘कशासाठी?’ असे विचारण्याचे बळ कुठून तरी यावे लागते. ते भाषणातून येते असे मला वाटत नाही.

मात्र इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. या शिबिराच्या फलकावर ‘बालविवाह निर्मूलन शिबिर’ असे लिहू नका. तसे लिहिले की दोन गोष्टी होतात. ज्या आईला मुलगी पाठवायची होती ती बिचकते, कारण तिला वाटते आपल्यावर आरोप होतो आहे. आणि मुलीच्या खेळण्याला पुन्हा एक उपयोग चिकटतो. शिबिर खेळाचेच असू द्या. मुलगी रोज सकाळी चाळीस मैत्रिणींत आणि पाच-सहा मोठ्या बायांसमोर येते, एखाद्या दिवशी आली नाही तर ‘ती का नाही आली?’ असे कोणीतरी विचारते, संध्याकाळी तिच्या घरी चक्कर मारते. सुट्टीत शाळेतल्या बाई नसतात, हजेरी नसते, म्हणून मुलगी गुपचूप नाहीशी होते. सकाळची हजेरी असेल तर गुपचूप काही होणार नाही. फलकावर न लिहिता जे होते ते जास्त टिकते.

आता घरातले आक्षेप. “लडकी को क्या करने का है मैदान में?” हा पहिला. पाठोपाठ येतो धर्माचा. या दुसऱ्या आक्षेपाबद्दल आपण आपसांत स्पष्ट बोलले पाहिजे, कारण तो घेणाऱ्यांना बहुधा धर्म आठवत नाही, मोहल्ला आठवतो. हजरत आयेशा (रजि.) आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रवासात एकमेकांशी धावण्याची शर्यत लावल्याची हदीस आपल्या मशिदींत सांगितली जाते. एकदा हजरत आयेशा जिंकल्या, पुढे एकदा प्रेषित जिंकले. मशिदीच्या आवारात हबशी लोक भाल्यांचा खेळ करत होते, तो प्रेषितांनी हजरत आयेशांना पाहू दिला, हेही सर्वांना माहीत आहे. उहुदच्या लढाईत हजरत उम्मे अम्मारा (रजि.) तलवार घेऊन उभ्या राहिल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. मग ज्या दीनमध्ये धावणे आहे, पाहणे आहे, लढणेही आहे, त्याचे नाव घेऊन आपल्या मुलीला खो-खोपासून कोण अडवते? पडद्याची मर्यादा ज्याला पाळायची त्याने पाळावी. शिबिर फक्त मुलींचे आहे, शिकवणाऱ्या बाया आहेत, सलवार-कमीज घालून लंगडी उत्तम खेळता येते. डोक्याला स्कार्फ बांधून फुटबॉल खेळायला जागतिक नियमांतही २०१४ पासून परवानगी आहे. अडचण कपड्यांची कधीच नव्हती.

मुलींना मैदानावर कोणी बोलावले म्हणून त्या गेल्या, असा इतिहासही नाही. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला बेडन-पॉवेल यांनी बालवीरांचा, म्हणजे मुलग्यांचा, मेळावा भरवला. तिथे काही मुली बालवीरांसारखा पोशाख करून न बोलावताच हजर झाल्या आणि म्हणाल्या, आम्हीही आहोत. पुढच्या वर्षी मुलींसाठी गर्ल गाइड्सची चळवळ निघाली, १९११ मध्ये ती जबलपूरमार्गे भारतात आली. आपल्या शाळांत स्काउट-गाइड आहे, पण पुष्कळ ठिकाणी ते २६ जानेवारीच्या संचलनापुरते उरले आहे. त्या मुलींनी मागितले होते रान, आपण दिला गणवेश.

महाराष्ट्राची स्वतःची परंपराही मोठी आहे. ४ जून १९४१ रोजी एस. एम. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी केली. सेवा दलाच्या शाखांवर संध्याकाळी मुलगे-मुली एकत्र खेळत, गाणी म्हणत, सुट्टीत शिबिरांना जात. चालवणारे होते शिक्षक, कारकून, महाविद्यालयातली पोरे. कोणाला पगार नव्हता. मृणाल गोरे, प्रमिला दंडवते या तिथल्याच. ज्या बायांनी पुढे मुंबईत पाण्यासाठी आणि महागाईविरुद्ध मोर्चे काढले, त्या तरुण वयात मैदानावर शिट्टी वाजवून रांग लावायला शिकल्या होत्या. चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला बाबा आमटे यांनी १९६७ मध्ये श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तीही ऐन मे महिन्यात. विदर्भातल्या उन्हात तरुण मुले-मुली छावणीला जातात, तर मराठवाड्यातल्या उन्हाचे कारण फार पुढे करता येणार नाही. या परंपरेत मुस्लिम नावे होती, पण मुस्लिम मोहल्ल्यातली मुलगी फारशी नव्हती. शाखा सदाशिव पेठेत भरायची, दादरला भरायची. आपल्या गल्लीत भरायची नाही. ती आपल्या गल्लीत आपणच भरवली पाहिजे.

हे होऊ शकते याचा पुरावा मुंब्र्याने दिला आहे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून जीव वाचवून आलेल्या मुस्लिम कुटुंबांनी हे गाव फुगले. दाट वस्ती, अरुंद गल्ल्या, मैदाने मोजकी आणि तीही मुलग्यांची. तिथे सबा खान आणि त्यांच्या सहकारी बायांनी ‘परचम’ नावाची संघटना काढली आणि २०१२ च्या सुमारास मुलींचा फुटबॉल सुरू केला. सुरुवातीला घरोघर जाऊन आयांना पटवावे लागले. मुलींनी बुरख्यात, हिजाबमध्ये, साध्या कपड्यांत, जशा जमेल तशा खेळायला सुरुवात केली. संघात मुस्लिम होत्या तशा हिंदू मुलीही होत्या. मग त्यांच्या लक्षात आले की खरी अडचण चेंडूची नसून जागेची आहे. मैदानावर मुलगे आधीपासून होते आणि हटायला तयार नव्हते. मुलींनी सह्या गोळा केल्या, लोकप्रतिनिधींकडे गेल्या आणि मुलींसाठी राखीव मैदानाची मागणी लावून धरली. ‘आम्हाला खेळू द्या’ इथून त्या ‘ही जागा आमचीही आहे’ इथपर्यंत आल्या. नागरिकशास्त्राच्या पुस्तकाने जे शिकवले नसते ते एका चेंडूने शिकवले.

निखत झरीनचे नावही आपल्या मुलींना माहीत असावे. ती निजामाबादची, म्हणजे १९५६ पर्यंत बीड ज्या हैदराबाद राज्यात होते त्याच राज्यातल्या गावाची. आधी धावायची. स्टेडियममध्ये बॉक्सिंग सोडून बाकी सगळ्या खेळांत मुली दिसल्या, म्हणून तिने वडिलांना विचारले, यात मुली का नाहीत? वडिलांनी तिला हातमोजे दिले आणि नातेवाइकांची बोलणी स्वतःच्या अंगावर घेतली. मे २०२२ मध्ये इस्तंबूलला ती जगज्जेती झाली, २०२३ मध्ये दिल्लीत पुन्हा झाली. आणि आपल्याच आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे! वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापाचा मुलगा, शाळेसाठी रोज काही किलोमीटर पायपीट करणारा. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने रौप्यपदक मिळवले. त्या मांडव्याच्या रस्त्यावर मुलीही चालतात. त्यांच्या पायांतले बळ कोणी मोजलेले नाही. तरीही मी म्हणेन, पदकांचे आमिष दाखवून शिबिर भरवू नका. हजारात एखादी निखत निघेल, पण उरलेल्या नऊशे नव्व्याण्णव मुलींनाही खेळायचे आहे.

आता व्यवहाराचे बोलू. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, म्हणून वेळ सकाळचीच. फजरची नमाज झाली की सव्वासहाला जमायचे, नवाच्या आत घरी. गेल्या काही वर्षांत, २०२० ते २०२२ मध्ये तर नक्कीच, रमजान एप्रिल-मेमध्ये येत होता. आता तो मागे सरकत हिवाळ्यात चालला आहे. पुढची पंधरा-वीस वर्षे उन्हाळ्याची सुट्टी रमजानविना असेल. येती दोन-तीन वर्षे बकरीद मे महिन्यात आहे, तेव्हा चार दिवस शिबिराला सुट्टी द्यावी. यात अवघड काही नाही.

जागा म्हणून जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेचे मैदान सर्वांत चांगले. त्याला भिंत असते, कडुलिंबाची झाडे असतात, आणि मुख्य म्हणजे शौचालय असते. शिबिराची परवानगी मागाल तेव्हा मैदानाबरोबर शौचालयाची किल्लीही मागा. पाळी आलेल्या मुली घरी बसतात त्या खेळ आवडत नाही म्हणून नव्हे, जायला जागा नाही म्हणून. मुलगे आधीच क्रिकेट खेळत असतील तर भांडू नका. सहा ते नऊ मुलींची वेळ, असे मुख्याध्यापकांकडून कागदावर लिहून घ्या.

साहित्य काय लागते? लगोरीला सात चपट्या खापऱ्या, दोन-चार चेंडू, दोऱ्या, चुना, शिट्टी, पाण्याचे दोन माठ. खो-खो आणि लंगडीला तर काहीच लागत नाही. खाऊला भिजवलेले हरभरे, गूळ-शेंगदाणे. चाळीस मुलींना हे लोकवर्गणीतून सहज झेपते. एखाद्या दिवशी पालकांच्या परवानगीने आणि पुरेशा बायांसोबत सकाळचीच एक सहल करता येईल. बीडजवळची खजाना बावडी किती मुलींनी पाहिली आहे? सोळाव्या शतकात निजामशाहीच्या काळात सलाबतखानाने बांधवलेली ही विहीर भूमिगत बोगद्यांतून आजूबाजूच्या शेतांना पाणी पोहोचवायची. दुष्काळी जिल्ह्याच्या मुलींनी पाण्याचे हे शहाणपण डोळ्यांनी पाहावे. पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे, सौताड्याची दरी आहे. आपला जिल्हा आपल्याच मुलींना परका राहू नये.

शिबिर चालवणार कोण? हा प्रश्न आला की लोक आशाताई आणि अंगणवाडीसेविकेकडे पाहतात. कृपा करून त्यांना सोडा. तुटपुंज्या मानधनात त्यांच्यावर आधीच दहा कामे लादलेली आहेत. आपल्याकडे दुसरी माणसे आहेत. पहाटे कोणत्याही तालुक्याच्या रस्त्यावर पाहा, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली धावताना दिसतील. त्यांना कवायत येते, गोळाफेक येते, शिस्त येते. डी.एड. होऊन नोकरीची वाट पाहणाऱ्या मुली आहेत, महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेत असलेल्या आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत. आठवड्यातले दोन दिवस प्रत्येकीने दिले तरी महिना निघतो. बारा वर्षांच्या मुलीला टीव्हीवरची विजेती लांबची वाटते. शेजारच्या गल्लीतली, धावणारी, स्वतःच्या पायांवर उभी राहू पाहणारी आपा जवळची वाटते.

स्वयंसेवेचे दोष मला माहीत आहेत. उत्साह पहिल्या वर्षी असतो, तिसऱ्या वर्षी एकटीच उरते. त्यापेक्षा मोठी गोष्ट सुरक्षिततेची. ‘ओळखीचे आहेत’ ही सुरक्षितता नव्हे. २०१२ चा पोक्सो कायदा काय सांगतो हे प्रत्येक स्वयंसेविकेला माहीत हवे. एका मुलीसोबत एकटे कोणी थांबायचे नाही, मोठ्या बाया नेहमी किमान दोन. मुलगी आली-गेली याची वहीत नोंद, घरच्यांचा फोन नंबर, उन्हाने चक्कर आली तर काय करायचे याची तयारी. आणि फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत. कार्यकर्त्यांना हा नियम सर्वांत जड जाईल. पण एका फोटोमुळे दहा मुलींचे येणे बंद होते, आणि ज्या बापाने भावकीचा विरोध पत्करून पोरगी पाठवली त्याचा विश्वास कायमचा तुटतो. उद्घाटनाला पुढारी नको, हाही त्याच वहीत लिहावा असा नियम.

सरकारनेच का करू नये, असा प्रश्न येईल. मैदान, शौचालय, पाणी देणे हे सरकारचे कामच आहे आणि ते आपण मागत राहू. पण योजना आली की निधी येतो, निधी संपला की योजना जाते, आणि मुलीच्या आईचा भरवसा योजनेवर नसून माणसावर असतो. “फातिमा खाला की लडकी भी जा रही है ना? तो जा,” असे म्हणून दार उघडते. त्या दारापर्यंत शासनाचा निर्णय पोहोचत नाही, शेजारीण पोहोचते.

शेवटचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. शिबिर फक्त मुस्लिम मुलींचे असावे का? जिल्ह्यात आपण सुमारे बारा टक्के आहोत. आपल्या मोहल्ल्यात सुरुवात करायला हरकत नाही, पण फाटक सर्व मुलींना उघडे असावे. आजकाल शिबिर म्हटले की लोकांना आधी संशय येतो, कोणाचे शिबिर, काय शिकवतात? तो संशय निराधार नाही. शिबिरांत मुलांच्या डोक्यात दुसऱ्याविषयी द्वेष भरला जातो हे आपण पाहतो. त्याला उत्तर म्हणून आपण आपल्या मुलींना वेगळे घेऊन बसलो तर त्यांची दुनिया आणखी आक्रसेल. खो-खोच्या रांगेत बसलेल्या आयेशाच्या पाठीमागे अश्विनी धावत येते, तिच्या पाठीत थाप मारून ‘खो’ म्हणते आणि जागा घेते. एवढे रोज महिनाभर झाले की पुढे कोणी त्यांना एकमेकींविरुद्ध काही सांगू लागला तर त्यांच्याजवळ स्वतःची आठवण असेल. सलोख्याच्या परिषदांपेक्षा मला या थापेवर जास्त भरवसा वाटतो.

लोक काय म्हणतील? म्हणतीलच. पहिल्या वर्षी पंधरा मुली येतील, त्यातल्या चार आठवड्यात गळतील. ज्या राहतील त्या दुसऱ्या वर्षी धाकट्या बहिणीला घेऊन येतील. पाच वर्षांनी त्यांतलीच एखादी शिट्टी घेऊन उभी असेल. तेव्हा तिच्या लग्नाची बोलणी करायला येणाऱ्यांना ‘पोरीला विचारा’ असे सांगणारी चार माणसे तिच्या बाजूला असतील, आणि बोलायला तिला स्वतःचे तोंडही असेल. यापेक्षा मोठा दावा मी करत नाही.

शाळेच्या फाटकाची किल्ली कोणाकडे असते, हे तुमच्या गावात सर्वांना ठाऊक असते. या वर्षी परीक्षा संपायच्या आधी दोन-तीन बाया मिळून त्याच्याकडे जा आणि मागा. सोबत एक अर्ज न्या, मुख्याध्यापकांच्या नावाने, चार ओळींचा. पहिल्या दिवशी दहा मुली आल्या तरी लंगडी सुरू करा.